नियत आणि नियम

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मध्यंतरी एका लग्नाला गेलो होतो. पंगती उठल्यावर मांडवाच्या कडेला खुर्च्या टाकून आम्ही आठ-दहा जण पान खात बसलो होतो. त्यांत तालुक्याच्या गावी खत-बियाण्यांचे दुकान चालवणारा माझा एक जुना वर्गमित्र होता. ठरलेला माल खपवणाऱ्या दुकानदारांना एका कंपनीने बँकॉक-पट्टायाची चार दिवसांची सहल बक्षीस दिली होती. त्यात त्याचाही नंबर लागला होता. कोणीतरी विचारले, "वहिनींना नेतोयस ना?" सगळे हसले. तो आवाज खाली आणून म्हणाला, "घरी सिंगापूर सांगितलंय." पुन्हा हशा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कविराज, तोंड वाकडं करू नका. तिकडं सगळं कायदेशीर असतं. आणि आपल्या पैशानं एखाद्या गरिबाची चूलच पेटते की!"

मी काही बोललो नाही. पण घरी आल्यावर त्याची ती तीन वाक्ये डोक्यातून जाईनात. घरी सिंगापूर सांगितले आहे, तिकडे सगळे कायदेशीर असते, आणि गरिबाची चूल पेटते. पहिल्या वाक्यात लाज आहे, दुसऱ्यात कायदा आहे आणि तिसऱ्यात नीती आहे. तिन्ही गोष्टी त्याच्याजवळ होत्या. फरक इतकाच, की तिन्ही त्याने आपल्या सोयीने वळवून घेतल्या होत्या. विमान सुटायला अजून तीन आठवडे होते, पण बेत मनात पक्का झाला होता.

आमच्या घरात नमाजाआधी आणि रोजाआधी नियत करायची असते. म्हणजे मी हे का करतो आहे, ते मनाशी स्पष्ट करायचे. हा शब्द मराठीनेही आपलासा केला आहे. 'त्याची नियत साफ नाही' असे आपण सहज म्हणतो. नियम बाहेरून येतो आणि नियत आत असते. माणूस परक्या देशात देह विकत घ्यायला जातो तेव्हा या दोहोंचे काय होते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. सेक्स टुरिझम हा शब्द आपण वर्तमानपत्रांत वाचतो, पण त्याचा इतिहास फारसा वाचत नाही. माझ्या मित्राची ती तीन वाक्ये या इतिहासातूनच आलेली आहेत.

मानसशास्त्रज्ञांनीही या नियतीचा, म्हणजे इराद्याचा, अभ्यास केला आहे. आयसेक आयझेन यांनी १९९१ मध्ये मांडलेला एक सिद्धान्त बराच प्रसिद्ध आहे. माणसाचा इरादा तीन गोष्टींनी घडतो, असे तो सांगतो. त्या कृत्याविषयी त्याचे स्वतःचे मत, आपली माणसे काय म्हणतील याचा अंदाज, आणि हे आपल्याला जमेल का याचा हिशेब. मांडवातल्या त्या गप्पांत हे तिन्ही होते. मत तयार होते, आपली माणसे हसत होती, आणि तिकीट कंपनीने काढले होते. त्याच्याही आधी, १९५७ मध्ये, ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते, की चुकीचे वागणारा माणूस बहुधा नीती नाकारत नाही. तो स्वतःपुरती सवलत काढतो. 'कोणाचे नुकसान होत नाही', 'सगळेच करतात', 'तिलाही पैसे मिळतातच' ही त्या सवलतींची भाषा. अशी सवलत एकदा मिळाली की नीतिमान माणूसही निर्धास्तपणे बॅग भरतो.

ही सवलत एकेकट्या माणसानेच काढली असेही नाही. सरकारांनी ती छापील कागदावर दिली. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. १८६८ मध्ये इंग्रजांनी हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा केला. गोऱ्या सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत हा हेतू. पण नोंदणी कोणाची, तर बाईची. सक्तीची वैद्यकीय तपासणी कोणाची, तर बाईची. तिच्याकडे जाणाऱ्या सैनिकाला हा कायदा हात लावत नव्हता. इंग्लंडमध्ये असल्याच कायद्याविरुद्ध जोसेफिन बटलर या बाईंनी चळवळ उभी केली. तिथला कायदा १८८६ मध्ये आणि आपल्याकडचा १८८८ मध्ये रद्द झाला. पण घरापासून दूर असलेल्या पुरुषाची सोय करायची, आणि कायद्याचा सारा भार बाईवर टाकायचा, ही रीत त्याने घालून दिली. पुढच्या शंभर वर्षांत ती वेगवेगळ्या नावांनी परत येत राहिली.

आता जपान आणि कोरियाकडे वळू. जपानने १९५६ मध्ये वेश्याव्यवसायविरोधी कायदा केला. त्यातली शिक्षेची कलमे १ एप्रिल १९५८ पासून लागू झाली आणि परवान्यावर चालणाऱ्या जुन्या वस्त्या बंद झाल्या. १९६४ मध्ये सामान्य जपानी माणसाला मौजेखातर परदेशी जायची मुभा मिळाली. पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियाशी राजनैतिक संबंध जुळले. म्हणजे घरचे दार लागले आणि काही वर्षांतच शेजारचे उघडले. सत्तरीच्या दशकात कारखान्यांच्या आणि कंपन्यांच्या पुरुषांच्या टोळ्या सोलला जाऊ लागल्या. खप वाढवला म्हणून बक्षीस, वर्षअखेरीची मौज, व्यवहारातल्या माणसाची बडदास्त, अशी सबब असायची. माझ्या मित्राची सहल ऐकताना मला या टोळ्या आठवल्या त्या यामुळेच.

या सहलींना 'किसेंग टूर' म्हणत. किसेंग म्हणजे जुन्या कोरियन दरबारातल्या गाणे, नाच, काव्य शिकलेल्या कलावंतिणी. एका जुन्या कलेचे नाव घेऊन नवा बाजार मांडला गेला. कोरियातही १९६१ पासून वेश्याव्यवसायाला कायद्याने बंदी होती. पण देशाला परकी चलन हवे होते. सरकारने या मुलींना हॉटेलात जाता यावे म्हणून ओळखपत्रे दिली. त्यांच्यासाठी व्याख्याने ठेवली, आणि त्यांच्या मिळकतीने देशाची सेवा कशी होते हे त्यांना सांगितले. एका हाताने बंदी आणि दुसऱ्या हाताने ओळखपत्र. असा दुतोंडी कायदा पाहुण्याला काय शिकवील? इथे सगळे चालते, हेच तो शिकेल. 'तिकडं कायदेशीर असतं' या समजुतीचा जन्म अशा ठिकाणी झाला.

त्याविरुद्ध पहिला आवाज आला तो बायकांचा. १९७३ मध्ये कोरियातल्या ख्रिस्ती महिला संघटनेने हा प्रश्न परिषदेत मांडला आणि जपानमधल्या भगिनी-संघटनांना हाक दिली. त्या वर्षीच्या डिसेंबरात सोलच्या इव्हा महिला विद्यापीठाच्या विद्यार्थिनी किम्पो विमानतळावर फलक घेऊन उभ्या राहिल्या. देशात लष्करशहा पार्क चुंग-ही यांची राजवट होती. अशा काळात विमानतळावर उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हती. त्याच महिन्यात टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानी बायका पत्रके घेऊन उभ्या राहिल्या. सोलच्या विद्यार्थिनी उतरणाऱ्या पाहुण्यांसमोर होत्या, आणि या बायका जाणाऱ्यांच्या वाटेत होत्या. 'आसाही' वृत्तपत्राच्या पत्रकार मात्सुई यायोरी या त्या चळवळीतल्या एक. १९७७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर आशियाई महिलांची संघटना काढली आणि २००२ मध्ये निधन होईपर्यंत हा विषय सोडला नाही. युद्धकाळात जपानी सैन्याने आशियातल्या बायकांचे जे केले आणि शांतताकाळात जपानी पर्यटक जे करत होते, त्यांतला धागा त्यांनी आपल्याच देशवासीयांना दाखवून दिला.

हानेदाच्या त्या बायकांजवळ कायद्याचे बळ नव्हते. त्या कोणाला अटक करू शकत नव्हत्या, कोणाचे तिकीट रद्द करू शकत नव्हत्या. त्यांनी एवढेच केले, की घरी 'सिंगापूर' सांगून निघालेल्या माणसाला विमानात चढण्यापूर्वी आपल्याच भाषेत खरे नाव ऐकवले. आपली माणसे काय म्हणतील, या दुसऱ्या विटेला त्यांनी हात घातला. १९८१ च्या जानेवारीत जपानचे पंतप्रधान सुझुकी झेन्को आग्नेय आशियाच्या दौऱ्यावर गेले तेव्हा मनिला आणि बँकॉकमध्ये या सहलींविरुद्ध निदर्शने झाली. पंतप्रधानांसमोर देशाची लाज निघाली. मनिलाला जाणाऱ्या जपानी पुरुषांच्या टोळ्या त्यानंतर रोडावल्या.

पण इतिहास इथे थांबत नाही, आणि लाजेची मर्यादाही इथेच दिसते. पुरुषांनी जायचे कमी केले तेव्हा बायकांना आणायला सुरुवात झाली. ऐंशीच्या दशकात फिलिपिन्स आणि थायलंडच्या हजारो तरुणी 'कलाकार' या व्हिसावर जपानमध्ये नेल्या गेल्या. लोक त्यांना 'जापायुकी-सान' म्हणू लागले. हा शब्द एका जुन्या शब्दावरून पाडलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दारिद्र्यामुळे जपानच्या खेड्यांतल्या मुली आशियाभरच्या बंदरांत विकल्या जात. त्यांना 'कारायुकी-सान' म्हणत. त्यांतल्या काही आपल्या मुंबईत, कामाठीपुऱ्याच्या आसपासही पोहोचल्या होत्या. ज्या देशाच्या लेकी एकेकाळी मुंबईत विकल्या गेल्या, तोच देश श्रीमंत झाल्यावर इतरांच्या लेकी आणवू लागला. जपानने तो व्हिसा कडक केला तो २००५ मध्ये. लाजेने वाट बदलली, पण नियत बदलली नाही.

थायलंडची कथा सैनिकांपासून सुरू होते. तिथे १९६० मध्ये वेश्याव्यवसायाला कायद्याने बंदी झाली. १९६६ मध्ये मनोरंजनगृहांचा कायदा आला, आणि बंद केलेला धंदा मसाजगृह, नृत्यगृह अशा पाट्यांखाली परवाना घेऊन उभा राहिला. १९६७ मध्ये व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांना विश्रांती आणि मनोरंजनासाठी थायलंडमध्ये पाठवण्याचा करार झाला. १८६८ च्या कायद्याला जसे 'आरोग्य' हे सभ्य नाव होते, तसे इथे 'विश्रांती' हे नाव. युद्ध संपले, १९७६ पर्यंत सैन्य गेले, पण मसाजगृहे, बार, दलाल आणि कर्ज काढून उभारलेली हॉटेले तिथेच राहिली. त्यांना गिऱ्हाईक हवे होते. सैनिकाची जागा पर्यटकाने घेतली. १९८० मध्ये त्या देशाच्या उपपंतप्रधानांनीच प्रांतोप्रांतीच्या गव्हर्नरांना सांगितले, की काही करमणुकी तुम्हाला पटणार नाहीत, पण रोजगारासाठी त्यांचाही विचार करा. 'गरिबाची चूल पेटते' हे माझ्या मित्राचे वाक्य एका सरकारच्या तोंडून निघालेले होते.

ती चूल कशी पेटत होती, हे जगाला जानेवारी १९८४ मध्ये कळले. फुकेत बेटावरच्या एका कुंटणखान्याला आग लागली. विझवल्यावर राखेत पाच मुलींचे देह सापडले. त्यांना पळता आले नव्हते, कारण त्यांना कोंडून, साखळीने बांधून ठेवले होते. गरीब घरांतून आणलेल्या मुली होत्या त्या. त्या साखळ्यांनी 'तिलाही पैसे मिळतातच' ही सवलत खोटी पाडली. थायलंडमधल्या महिला संघटनांनी हे प्रकरण लावून धरले.

१९९० मध्ये थायलंडमध्येच एक मोहीम आकाराला आली. आशियातल्या पर्यटनातून मुलांचा देहविक्रय संपवायचा, हे तिचे ब्रीद. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एकपॅट' म्हणतात. तिने एक साधा प्रश्न विचारला. गुन्हेगार घरी परतला की सुटतो कसा? तो पट्टायात गुन्हा करतो, जामिनावर सुटतो, विमान पकडतो आणि आपल्या गावी पुन्हा प्रतिष्ठित नागरिक होतो. मग त्याच्या देशाचा कायदा त्याच्यासोबत का जाऊ नये?

या प्रश्नातून मोठा बदल झाला. जर्मनीने १९९३ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने १९९४ मध्ये, परदेशात मुलांवर केलेल्या अत्याचाराबद्दल आपल्या नागरिकावर आपल्याच न्यायालयात खटला चालवण्याची तरतूद केली. १९९५ मध्ये स्टॉकहोमच्या न्यायालयासमोर एक निवृत्त स्वीडिश गृहस्थ उभे होते. पट्टायात एका अल्पवयीन मुलासोबत ते पकडले गेले होते आणि जामिनावर असताना देश सोडून परतले होते. तो मुलगा साक्षीसाठी स्वीडनला आणला गेला. शिक्षा झाली ती अवघी तीन महिन्यांची. पण आपल्या घरच्या कोर्टात, आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर जाब द्यावा लागतो, हे युरोपातल्या पर्यटकाला कळले. १७६४ मध्ये चेझारे बेकारिया या इटालियन विचारवंताने लिहून ठेवले होते, की शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती चुकणार नाही ही खात्रीच माणसाला गुन्ह्यापासून अधिक रोखते. ते तीन महिने त्या खात्रीची सुरुवात होती. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९६ मध्ये, स्टॉकहोमलाच जागतिक परिषद भरली आणि १२२ देशांच्या सरकारांनी मुलांच्या बाजूने जाहीरनामा स्वीकारला.

या कायद्यांत मला सर्वांत विचार करायला लावला तो अमेरिकेच्या कायद्याने. १९९४ मध्ये तिथे नियम झाला, की मुलांशी लैंगिक कृत्य करण्याच्या इराद्याने परदेशी प्रवास करणे हा गुन्हा. म्हणजे सरकारी वकिलाने विमानात चढतानाची नियत सिद्ध करायची! आता मनातली गोष्ट कोर्टात कशी दाखवायची? आरोपी म्हणायचा, मी देवळे पाहायला गेलो होतो, बाकीचे तिथे गेल्यावर घडले. २००३ मध्ये कायदा सुधारला. इराद्याने प्रवास करणे गुन्हा राहिलेच, पण परदेशी जाऊन प्रत्यक्ष कृत्य केले असेल तर इरादा आधी होता की नंतर झाला, हे सिद्ध करायची गरज उरली नाही. शिक्षेची मर्यादा ३० वर्षांपर्यंत वाढली. कायद्याने एका अर्थी कबूल केले, की नियत मोजण्याचे माप माझ्याजवळ नाही. मी कृत्य पाहीन. हे मोठे शहाणपण होते. पण मग नियतीची जबाबदारी कोणाकडे उरली? ती घराकडे, शाळेकडे, धर्माकडे, मित्रमंडळींकडे आली.

पर्यटन-व्यवसायानेही या काळात आपल्या परीने नीती लिहून काढली. जागतिक पर्यटन संघटनेने १९९५ मध्ये कैरोत संघटित सेक्स टुरिझमचा निषेध केला आणि १९९९ मध्ये पर्यटनाची नीतिसंहिता स्वीकारली. पण कागदावरची नीती वाचते कोण? सहलीचा दलाल गिऱ्हाइकाला ती संहिता दाखवत नाही. तो डोळा मिचकावतो.

हे सगळे आपल्यापासून दूर घडले असे वाटत असेल, तर गोव्याकडे पाहा. एप्रिल १९९१ मध्ये मडगावात फ्रेडी पीट्स नावाच्या म्हाताऱ्याला अटक झाली. तो अनाथ आणि गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवत होता. लोक त्याला दयाळू समजत. पोलिसांना त्याच्याकडे मुलांची दोन हजारांहून अधिक छायाचित्रे मिळाली. परदेशातून येणाऱ्या पुरुषांना ही मुले पुरवली जात होती. मार्च १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. २००३ मध्ये गोव्याने मुलांसाठी वेगळा कायदा केला. कोणतेही मूल कुटुंबीय किंवा रक्ताच्या नात्यातल्या माणसासोबत नोंद असल्याशिवाय हॉटेलच्या खोलीत जाऊ द्यायचे नाही, अशी त्यात तरतूद आहे. फोटो धुऊन देणाऱ्याला मुलांचे अश्लील फोटो आढळले तर त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, अशीही आहे. हे कलम वाचताना मला मडगावची ती छायाचित्रे आठवली. ती कोणीतरी कुठेतरी धुतली असतील, कोणीतरी पाहिली असतील. नियत एकट्या गुन्हेगाराचीच खोटी नसते. पाहून न पाहिल्यासारखे करणारे तिला आधार देतात.

मुंबईतले प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कुलाबा आणि मुरुडला रस्त्यावरच्या मुलांसाठी चालणाऱ्या आश्रयगृहांत दोन ब्रिटिश नागरिकांनी मुलांवर अत्याचार केल्याचे २००१ मध्ये उघड झाले. एकाला अमेरिकेत पकडून इथे आणावे लागले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. दहा वर्षे! रस्त्यावरचे मूल या दहा वर्षांत मिसरूड फुटलेला तरुण होते. बेकारियाची खात्री आपल्याकडे अशी रांगत येते.

मला सर्वांत जवळून टोचलेली गोष्ट मात्र हैदराबादची. १९९१ मध्ये दिल्लीकडे जाणाऱ्या विमानात एक लहान मुलगी रडत होती. हवाईसुंदरीने जवळ जाऊन विचारपूस केली. मुलगी दहा-अकरा वर्षांची, आणि शेजारी बसलेला साठीच्या घरातला सौदी माणूस तिचा 'नवरा' होता. देशभर खळबळ उडाली. मग एकेक उजेडात येत गेले. आखातातून येणारे म्हातारे, जुन्या हैदराबादमधल्या गरीब वस्त्या, दलाल, ठरलेली रक्कम, आणि काझीसमोर निकाह. काही ठिकाणी निकाहनाम्यासोबतच तलाकच्या कागदावर मुलीची सही घेतली जाई. पाहुण्याची सुट्टी संपली की लग्नही संपे. हे १९९१ मध्येच संपले असेही नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये हैदराबाद पोलिसांनी ओमान आणि कतारच्या नागरिकांना, दलालांना आणि काही काझींना अटक केली. त्या काझींपैकी एक मुंबईतले होते.

मी स्वतः निकाहाच्या कितीतरी मजलिशींत बसलो आहे. मुलीची कबुली, दोन साक्षीदार, मेहर, खुतबा. वरून पाहिले तर त्या हैदराबादी निकाहांत यातले सगळे होते. कमतरता फक्त नियतीची होती. निकाह सोबत राहण्यासाठी असतो. परतीचे तिकीट खिशात ठेवून, मुदत मनाशी धरून केलेला निकाह माझ्या मते निकाह नव्हे. जपानने त्याला 'बक्षीस सहल' म्हटले, अमेरिकी लष्कराने 'विश्रांती' म्हटले, आणि इथे त्याला माझ्या धर्मातला एक पवित्र शब्द लावला गेला. म्हणून धर्म सांगणाऱ्यांनीही या बाबतीत निर्धास्त राहू नये. नियम पूर्ण करून नियत मारता येते. आणि ज्याने ते उघड केले, तो ना काझी होता ना कोतवाल. ती विमानात चहा-पाणी देणारी एक नोकरदार मुलगी होती. तिने रडणाऱ्या पोरीकडे पाहिले आणि पाहिल्यावर मान फिरवली नाही. कायदा नंतर आला. आधी तिची नियत जागी झाली.

आता परत मांडवात जाऊ. माझ्या मित्राचे एकेक वाक्य तपासून पाहू. 'तिकडं सगळं कायदेशीर असतं.' नाही. थायलंडमध्ये १९६० पासून बंदी आहे, आणि १९९६ च्या नव्या कायद्याने अल्पवयीन मुलांकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकालाही तुरुंग ठेवला आहे. शिवाय भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्यालाही भारतीय कायदा लागू होतो. इंग्रजांच्या काळातल्या दंडसंहितेत ती तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. केंद्र सरकारच्या परवानगीने इथे खटला चालू शकतो. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर ती हो म्हणाली का, हा प्रश्नच उरत नाही. तो बलात्कार ठरतो. आणि बाई सज्ञान असली, पण फसवून वा पळवून आणलेली आहे हे माहीत असूनही, किंवा तसे वाटायला जागा असूनही, कोणी तिचा उपभोग घेतला, तर तोही आपल्या कायद्याने गुन्हा आहे. आपण पासपोर्टसोबत कायदाही खिशात घालून नेतो, हे सहलीला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असते?

'गरिबाची चूल पेटते.' चूल पेटवायचीच असेल तर वाटा पुष्कळ आहेत. सौदा करून गरिबी मिटवल्याचे पुण्य मागू नये. सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीने हा व्यवसाय करत असेल तर तिला गुन्हेगार ठरवणे मलाही पटत नाही. पण चार रात्रींसाठी आलेल्या परक्या माणसाला ती मर्जी आहे की मागच्या खोलीतली साखळी आहे, हे कळायचे कसे? भाषा येत नाही, गाव ठाऊक नाही, वय विचारायची इच्छा नाही. विचारायचेच नाही, हे ठरवूनच तो आलेला असतो. नियत बिघडते ती या न विचारण्यात.

राहिले पहिले वाक्य. 'घरी सिंगापूर सांगितलंय.' मला त्याच्या तिन्ही वाक्यांत हे सर्वांत प्रामाणिक वाटते. ज्याला घरी खोटे सांगावे लागते, त्याला आतून उत्तर माहीत असते. कायद्याचे पुस्तक उघडण्याआधीच त्याच्या मनाने निकाल दिलेला असतो. तो निकाल पुसायला मित्रांचा हशा लागतो. जगभरच्या इतिहासातून मला एवढे कळले, की कायदा लागतोच, कारण लाज वाट बदलते आणि नीती सवलत काढते. पण कायदा समुद्रकिनाऱ्यावर वाट पाहत बसला तर त्याला उशीर होतो. इरादा घरी घडतो, मांडवात घडतो, पान खाताना घडतो. तो तिथेच अडवावा लागतो, आणि तिथे पोलीस नसतात. तिथे आपण असतो.

सहलीच्या आदल्या आठवड्यात मी मित्राला फोन केला. कायद्याच्या चार गोष्टी सांगितल्या, फुकेतच्या आगीचे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही बोललात?"

मला उत्तर देता आले नाही. हानेदा विमानतळावर त्या बायका थंडीत उभ्या राहिल्या होत्या, परक्या पुरुषांच्या शिव्या खायची तयारी ठेवून. मला तर खुर्चीवरून उठायचेही नव्हते. त्या दिवशीच्या हशात माझे गप्प बसणेही मिसळले होते. पुढच्या लग्नात ते मिसळू नये, एवढी नियत मी केली आहे.